नवा सभामंडप मागण्याआधी जुन्याचे कुलूप काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विकासकामांच्या मागण्यांची यादी करायला घेतली, की मराठवाड्यातल्या बहुतेक गावांतून सभामंडप नाहीतर सभागृह हे नाव हमखास येते. त्याच गावात आधीचे समाजमंदिर मात्र कुलूपबंद असते. आत कुणाची सोयाबीनची पोती, ठेकेदाराचे उरलेले सिमेंट, मोडके बाक. आणि ग्रामसभा भरते ती शाळेच्या व्हरांड्यात. नव्या इमारतीला आमचा विरोध नाही. पण बांधायला पैसा मिळतो आणि चालवायला कुणी वाली नसतो, हे दुखणे एकदा स्पष्ट लिहिले पाहिजे.

निजामी राजवटीत गावाची बैठक व्हायची ती चावडीत किंवा मारुतीच्या पारावर. चावडी पाटील-पटवाऱ्यांची, शेतसाऱ्याच्या वसुलीची. देशमुखांच्या गढीत सगळ्यांना पाऊल टाकता येत नसे. सगळ्या गावाने एका छपराखाली मांडीला मांडी लावून बसावे अशी जागाच नव्हती. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या, पुढे दलित वस्ती सुधार, तांडा वस्ती सुधार, आमदार-खासदार निधी आणि ‘पंचवीस-पंधरा’चे, म्हणजे गावांतल्या मूलभूत सुविधांसाठीच्या सरकारी निधीचे, लेखाशीर्ष आले, तेव्हा गावोगाव पक्की समाजमंदिरे उभी राहिली. 1993च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे नव्या जागी वसली, तिथेही ती आली. मात्र निधी वस्तीनिहाय येत गेल्यामुळे इमारतीही वस्तीनिहाय झाल्या. आता एकेका गावात तीन-तीन सभागृहे आहेत आणि सगळे गाव बसेल असे एकही नाही. ‘ते त्यांचे समाजमंदिर’ ही भाषा आपण सोडली पाहिजे. सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली इमारत सगळ्या गावाची.

पहिली गफलत कागदावर होते. ग्रामपंचायतीच्या नमुना 22 मध्ये, म्हणजे स्थावर मालमत्ता नोंदवहीत, इमारतीची नोंदच नसते. मग दुरुस्तीचे अंदाजपत्रक अडते. जागा कुणी दान दिली असेल तर तोंडी शब्द किंवा साधा स्टॅम्प पेपर पुरत नाही. दोन साक्षीदारांसह नोंदणीकृत बक्षीसपत्र लागते. ते नसले की दात्याची पुढची पिढी दाराला स्वतःचे कुलूप लावते, आणि कायद्याने तिला चूक ठरवणे अवघड जाते.

दुसरी गफलत इमारतीच्या पायाभरणीत. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते. पाया मुरुमापर्यंत न नेता काळ्या मातीतच थांबवला, तर दोन-तीन पावसाळ्यांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. त्या सिमेंटने कितीही भरा, पुढच्या वर्षी तिथेच उघडतात, कारण दोष भिंतीत नसतो, पायाशी मुरणाऱ्या पाण्यात असतो. 30 बाय 20 फुटांच्या छतावर साडेसहाशे मिलिमीटर पाऊस धरला तरी वर्षाला सुमारे 36 हजार लिटर पाणी पडते. पन्हाळ नसेल तर ते सगळे जोत्यालगतच मुरते. त्यावर उपाय फार महागडा नाही. इमारतीभोवती तीन फूट रुंद फरसबंदी, बाहेरच्या बाजूला उतार, छताचे पाणी पाइपने दूर गटारात किंवा टाकीत. गळतीपोटी जाणारे सोडले तरी 25 हजारांहून अधिक लिटर हाताशी येते. टँकरच्या दिवसांत त्याची किंमत सांगायला नको. हात धुण्याची जागा भिंतीला चिकटून कधीच करू नये.

छप्पर पत्र्याचे असेल तर हुक-बोल्टची भोके पत्र्याच्या नागमोडीच्या उंच भागावर हवीत. खोलगट भागात पाडली की गळती ठरलेली. वॉशर उन्हाने कडक होऊन चिरतात, म्हणून दरवर्षी मृगाआधी एकदा सगळे बोल्ट पाहून घ्यावेत. स्लॅब असेल तर पाणी जाण्याच्या भोकांत अडकलेला लिंबाचा पाला काढावा आणि कठड्यात उगवलेला पिंपळ बोटभर असतानाच मुळासकट उपटावा. वर कडबा रचू देऊ नये. त्याखाली ओल धरते, सळई गंजून फुगते आणि खालून स्लॅबचे पापुद्रे डोक्यावर पडू लागतात.

आकाराचा हिशेबही आधी मांडावा. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, यांतील जो आकडा कमी असेल तो. जमिनीवर बसणाऱ्या माणसाला सहा चौरस फूट धरले, तर 30 बाय 20च्या सभागृहात बरोबर शंभर माणसे मावतात. म्हणजे गणपूर्ती होते, पण एकही माणूस जास्त आला तर तो दारात उभा. पंगतीला याच जागेत चार ओळी बसतात: दोन भिंतींलगत, दोन मध्ये पाठीला पाठ लावून, आणि वाढप्यांना तीन-तीन फुटांच्या दोन वाटा. एका वेळी पन्नास पाने, त्याहून जास्त नाही. स्वयंपाक आत करू देऊ नये. चुलीच्या धगीने शहाबादी फरशी तडकते आणि भिंती काळ्या होतात. मागे पत्र्याचे वेगळे शेड असावे. आणि स्वच्छतागृह! ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, आणि आडोसा नसलेल्या जागी बायकांनी दोन-तीन तास बसावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

विजेचे काम ठेकेदारावर सोडू नये. बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवा, मंडपवाल्यासाठी वेगळा 16 अँपिअरचा पॉइंट हवा. तो नसला की वायर थेट मीटरवरून ओढली जाते. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडून अर्थिंग निकामी होते. ऐन लग्नसराई तेव्हाच असते, म्हणून कार्याच्या आदल्या दिवशी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतावे.

सगळ्यात जास्त घोळ पैशाचा. भाडे कुणीतरी हातात घेतो, पावती नसते, आणि वीजबिल थकून मीटर निघते. ग्रामसभेच्या ठरावाने दर लावावा. उदाहरणादाखल दिवसाला 1500 रुपये भाडे आणि 3000 रुपये अनामत. अंत्यविधीनंतरच्या कार्याला, बचत गटाच्या बैठकीला आणि लसीकरणाला फुकट. दर सगळ्या वस्त्यांना एकच. नमुना 7ची पावती फाडून रक्कम ग्रामनिधीत भरावी. वर्षात 25 दिवस गेले तरी 37,500 रुपये होतात. वीजबिल, झाडलोट आणि चुना-रंग यातून निघतो. मोठी दुरुस्ती वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून घेता येते, पण ती गावाच्या वार्षिक आराखड्यात आधी लिहिलेली हवी. ऐन वेळी सुचून उपयोग नाही. अनामत परत देताना भांडी मोजून घ्यावीत. पातेली, झारे, बादल्या, सतरंज्या नमुना 16 मध्ये, म्हणजे जंगम वस्तूंच्या नोंदवहीत, चढवाव्यात आणि प्रत्येक भांड्यावर गावाचे नाव कोरून घ्यावे. रंगाने लिहिलेले नाव दोन घासण्यांत जाते.

आमची मागणी एवढीच: नवे सभागृह मंजूर करताना जिल्हा परिषदेने त्या गावातल्या आधीच्या सभागृहांची नमुना 22मधली नोंद, गेल्या वर्षीच्या भाड्याच्या पावत्या आणि भरलेले वीजबिल मागावे. आणि येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने विचारावे, की आपल्या समाजमंदिराची किल्ली आज कुणाकडे आहे.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक, जि. परभणी