भातखाचरे आणि गुंठ्यांचे प्लॉट

महोदय,

मुळशी तालुक्यात घरे वाढणार, हे उघड आहे. ती कुठे वाढावीत, हे मात्र जमिनीचे दलाल ठरवत आहेत. भातखाचरे उतरणीवर एकाखाली एक असतात आणि वरच्या खाचराचे पाणी बांध फोडून खालच्यात सोडले जाते. आमच्या वरचे खाचर गेल्या उन्हाळ्यात मुरूम टाकून भरले गेले, त्याला कुंपण पडले, आणि ऐन आषाढात आमची लावणी पाण्यावाचून अडली. भरावाच्या वरच्या अंगाला मात्र पाणी तुंबून शेजाऱ्यांची रोपे कुजली. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतीचे तुकडे रोखण्यासाठी होता. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा वेगळा विकता येत नाही ती मर्यादा, जिरायतीसाठी २० आणि बागायतीसाठी १० गुंठ्यांवर आणले गेले, त्यात शेतकऱ्याची सोय किती आणि प्लॉटवाल्याची किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. गावठाणापासून २०० मीटरच्या आतील निवासी वापरासाठी जमीन महसूल अधिनियमात तरतूद याआधीच केली गेली. तेव्हा घरांसाठी आधी तो पट्टा व माळरान आखावे, आणि खाचरात भराव घालू देण्यापूर्वी पाण्याची वाट नकाशावर दाखवण्याची सक्ती करावी.

– एक भातउत्पादक शेतकरी, ता. मुळशी, जि. पुणे