चित्राची पाठ वाचायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

चित्र हातात आलं की आधी पालथं घालायचं, हा तुमचा पहिला धडा. जुन्या छापील देवादिकांच्या चित्रांचा आणि ती पाहणाऱ्या माणसांचा अभ्यास करणाऱ्या आमच्या गटाची सवय उलटी होती. चित्रात काय दिसतं ते ओळखायचं, त्याचा अर्थ लावायचा आणि टिपण संपवायचं. मागचा पुठ्ठा, गंजलेल्या चुका (बारीक खिळे), फ्रेम करणाऱ्या दुकानाचं लेबल, कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेली किंमत किंवा लग्नाची तारीख हेसुद्धा वाचायचं असतं, हे तुमच्या फ्रेमच्या दुकानात कळलं. पत्र उघड लिहितो आहोत, कारण तुम्ही दिलेलं ज्ञान चार अभ्यासकांच्या हाती पडावं अशी मनापासून इच्छा आहे.

फ्रेम उघडण्याची तुमची रीत आम्ही जशीच्या तशी पाळतो. काच खाली, मऊ कापडावर. चुका सरळ वर ओढायच्या नाहीत, पकडीने आधी सैल करायच्या आणि मग काढायच्या. पुठ्ठा एका बाजूने उचलायचा. पावसाळ्यात मात्र काहीही उघडायचं नाही. ओलिओग्राफवर, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या जुन्या रंगीत छापील चित्रावर, रोगण असतं. माउंट (काच आणि चित्र यांच्यात अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) न लावता काच थेट चित्रावर टेकवलेली असेल तर दमट हवेत ते रोगण काचेला धरतं, आणि कागद ओढला की रंगाचा पापुद्रा काचेवरच राहतो. चिकटलेलं चित्र तसंच ठेवायचं, काचेतून फोटो काढायचा आणि कागदाच्या जतनाचं काम जाणणाऱ्याकडे न्यायचं. हे ठाऊक नसल्यामुळे किती चित्रांचे चेहरे गेले असतील!

काच पुसू नका, हेही तुमचंच. हळदकुंकवाचा डाग कुठे आहे ते आधी मोजून लिहायचं. कपाळावर आहे की पावलांवर? काचेवर आहे की कागदावर? कागदावर असेल तर चित्राला काच लागण्याआधीच पूजा सुरू झाली होती. खालच्या कडेला मधोमध काजळी असेल तर तिथे समई किंवा निरांजन असायचं. वरच्या भागात कमानीसारखा ताजा पट्टा दिसला तर तिथे वर्षानुवर्षं हार होता. त्याने झाकलेला रंग उडालाच नाही. ऑफसेट कॅलेंडरात, म्हणजे यंत्रावर चार रंगांत छापलेल्या कॅलेंडरात, उन्हाने पिवळा आणि लाल आधी उडतो, निळा मागे राहतो. हे माहीत नसलेला अभ्यासक निळसर झालेल्या लक्ष्मीकडे बघून चित्रकाराच्या रंगनिवडीवर पानभर लिहितो. हाराखालचा पट्टा पाहिला असता तर ते पान लिहायची वेळ आली नसती.

छपाई ओळखायला तुम्ही दहापट भिंग दिलंत. शिळाप्रेसवर प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो, आणि दगडावर कारागिराने हाताने टाकलेले ठिपके लहानमोठे, दाटविरळ दिसतात. ऑफसेटमध्ये ठिपके जाळीत बसतात आणि चार रंगांची जाळी एकमेकींवर पडून बारीक फुलांची नक्षी होते. गालावर किंवा खांद्यावर भिंग ठेवायचं, काठपदरावर नाही. गर्द रंगात ठिपके एकमेकांत मिसळतात आणि फसगत होते. मग खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने, जवळजवळ कागदाला समांतर धरायचा. कॅनव्हाससारखी वीण उठून दिसली तर तो उठाव दाबून आणलेला आहे. तैलचित्राचा भास व्हावा म्हणून ओलिओग्राफवर असा उठाव देत.

तारखेच्या बाबतीत तुम्ही फार सावध केलंत. राजा रवि वर्मांचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला, १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. रवि वर्मा १९०६ साली वारले, छापखाना त्यांच्यामागे कितीतरी वर्षं चालला. तिथे इतरांची चित्रंही छापली गेली. म्हणून खाली छापखान्याचं नाव दिसलं की चित्र रवि वर्मांचं, हे चूक. पत्ता मुंबईचा आहे की लोणावळ्याचा, हे पाहून काळाचा अंदाज येतो, पण अंदाजच. एकच चित्र पुन्हा पुन्हा छापलं जाई. आणि हा पत्ता असतो खालच्या पांढऱ्या कडेवर. नेमकी तीच कड फ्रेममध्ये बसवायला कापली जाते.

साल का महत्त्वाचं, हे आम्ही नव्या विद्यार्थ्यांना कीचक आणि सैरंध्रीच्या (अज्ञातवासातल्या द्रौपदीच्या) चित्रावरून समजावतो. १९०७ मध्ये कृ. प्र. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलं. प्रेक्षकांनी कीचकात ब्रिटिश व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन पाहिला, सैरंध्रीत पारतंत्र्यातला देश पाहिला, आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. हे नाटक पाहून घरी आलेल्या माणसासाठी भिंतीवरची सैरंध्री निव्वळ महाभारतातली राहिली असेल असं धरून चालता येत नाही. रेघ तीच, रंग तेच, पण पाहणारा बदललेला. त्यामुळे चित्र कधी छापलं याच्या जोडीला ते कधी टांगलं हेही शोधावं लागतं, आणि ते उत्तर बहुतेक वेळा मागच्या पुठ्ठ्यावर किंवा पुठ्ठ्याखाली घातलेल्या वर्तमानपत्राच्या कागदावर मिळतं. तो कागद कचरा समजून टाकू नये.

आमच्या कामाची दिशा बदलली ती मात्र तुमच्या एका साध्या वाक्याने: उभी लक्ष्मी लोक घ्यायला कचरतात, ती निघून जाते म्हणतात, बसलेली मागतात. रवि वर्मांची गाजलेली लक्ष्मी कमळावर उभी आहे. मूर्तिशास्त्राच्या नजरेने पाहणारा तिचे चार हात, हातातली कमळं आणि मागचा हत्ती मोजतो. गिऱ्हाईक पाहतं ते पायांकडे. लक्ष्मी चंचल, ती घरात टिकायला हवी, ही समजूत चित्राच्या निवडीत उतरते. दुकानात उभं राहून मागणी ऐकल्याशिवाय हे कुठल्याच पुस्तकातून हाती लागलं नसतं.

प्रश्न विचारण्याची पद्धतही आम्ही त्यावरूनच बदलली. ‘ही लक्ष्मी कशी वाटते?’ असं विचारलं की ओळख आपणच सांगून टाकतो आणि समोरचा शाळेतल्यासारखं उत्तर देतो. आता आधी ‘यात काय काय दिसतं?’ आणि मग गप्प बसायचं, निदान दहा सेकंद. बोट कुठे ठेवलं ते टिपायचं. त्यानंतर ‘हे कुठे लावाल, कुठे लावणार नाही?’ या प्रश्नातून सर्वांत जास्त मिळतं. घरातला कर्ता माणूस समोर असला की बाकीचे त्याचंच म्हणणं पुन्हा सांगतात, म्हणून एकेकाशी वेगळं बोलायचं. मोबाइलवर चित्र दाखवायचं नाही. पडद्यावर आकार, काच, फ्रेमची सोनेरी पट्टी सगळं हरवतं आणि उत्तर बदलतं. आणि माणसाचा शब्द सुधारायचा नाही. कुणी ‘देवाचा फोटो’ म्हणतं, कुणी ‘तसबीर’, आणि फ्रेम खाली आली की ‘देव पडला’ म्हणतात. तिन्ही शब्दांत चित्राशी वेगळं नातं आहे. टिपणात सरसकट ‘चित्र’ लिहिलं की ते नातं पुसलं जातं.

काच फुटलेल्या तसबिरी लोक पिंपळाखाली का ठेवून जातात, हे नोंदवायलाही तुम्हीच सुचवलंत. फेकायचं नाही आणि पुजायचंही नाही, अशा अवस्थेतली ती चित्रं आता आमच्या नोंदवहीत स्वतंत्र पानावर आहेत. ती आम्ही जागेवरच पाहतो, उचलून आणत नाही.

काका, फ्रेमच्या मापात बसवायला कड कापावीच लागली तर तुम्ही ती पट्टी टाकत नाही. पाकिटात घालून, पाकिटावर तारीख लिहून ते चित्राच्या मागे पुठ्ठ्याआड ठेवून देता. पुढे कधीतरी कुणी ती फ्रेम उघडेल आणि त्याला छापखान्याचा पत्ता सापडेल. त्या प्रत्येक पाकिटासाठी आम्ही तुमचे ऋणी आहोत.

आपला,
चित्र अभ्यास गट