गिलावा नको, पाया बघा

महोदय,

आमच्या गावच्या जुन्या दगडी पुलाला गेल्या महिन्यात सिमेंटचा गिलावा मारून गेले. चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय, म्हणून लिहितो. कमानीला गिलाव्याने बळ येत नाही. तिचे पाचरीसारखे घडवलेले काळे दगड एकमेकांना दाबून उभे असतात. माथ्यावरचा कळीचा दगड बसला, चुना धरला, की खालचा लाकडी साचा काढून घेतात. वरून एसटी गेली की तो भार कमानीतून खांबात आणि खांबातून पायात उतरतो. सांध्यांतला चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. या लोकांनी तर पाणी निघायची भोकंही लिंपली!

तिसऱ्या खांबाच्या नाकाडाशी, जिथे पुराचं पाणी फाकतं, पिंपळ उगवलाय. मूळ मनगटाएवढं. शेजारच्या सांध्यात माझी थापी मुठीपर्यंत आत गेली. दरवर्षी तो वरून छाटतात, पावसात पुन्हा फुटतो. कठड्याला रंग मात्र झकास दिलाय, पिवळा-काळा.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा दगडी पूल पुरात गेला, दोन एसटी गाड्यांसकट. तिथला नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. आमच्या पुलाच्या पायाखालून किती माती गेली, हे बघायला एक पाणबुड्या उतरवायचा आहे. तो पावसाआधी उतरवा आणि पिंपळ मुळासकट काढा. गणपतीला चाकरमान्यांच्या गाड्या याच पुलावरून येतात.

– एक निवृत्त गवंडी, राजापूर तालुका