चौशिंग्याला संरक्षण आहे, उंबरातल्या केंबरांचे काय?

मा. संपादक,

स. न.

ऑक्टोबरच्या वन्यजीव सप्ताहात सगळा बोलबाला वाघाचा असतो. यंदा थोडी जागा चौशिंग्याला आणि त्याच्याच शेजारी उंबरातल्या केंबरांना, म्हणजे उंबराच्या फळात वाढणाऱ्या इवल्या कीटकांना, द्यावी, ही विनंती.

चौशिंगा दिसतो हरणासारखा, पण आहे कुरंग कुळातला, म्हणजे काळविटाचा नातलग. भेकराची शिंगे दरवर्षी गळतात, याची आयुष्यभर टिकतात. नराला चार शिंगे असतात. असा दुसरा वन्य सस्तन प्राणी जगात नाही. खांद्याशी उंची दोन फूट, वजन वीस किलोच्या आसपास. भारत आणि नेपाळ सोडून तो कुठेच आढळत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आहे, ते योग्यच आहे.

केंबरू जेमतेम दोन मिलिमीटरचे. मादी उंबराच्या फळाच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून आत शिरते, तेव्हाच तिचे पंख तुटतात. आतल्या फुलांना पराग देऊन, अंडी घालून ती तिथेच मरते. पुढच्या पिढीतल्या नरांना तर पंखच नसतात. ते माद्यांसाठी बाहेरची वाट कोरतात आणि संपतात. पराग घेऊन निघालेल्या मादीकडे एखाद-दोन दिवसांचे आयुष्य उरते. तेवढ्यात तिला दुसरा उंबर गाठावा लागतो, आणि तोही नेमका फुलांवर आलेला. म्हणून परिसरात वेगवेगळ्या वेळी फळणारी पुष्कळ झाडे लागतात. ती असली की भर उन्हाळ्यातही कुठला तरी उंबर लगडलेला सापडतो. वरची फळे माकडे, वटवाघळे, पक्षी खातात. खाली सांडलेली चौशिंग्यासारख्यांच्या वाट्याला येतात.

या दोघांत मोठे कोण, हे मला ठरवता येत नाही. पण एकाला कायद्याचे कवच आहे आणि दुसऱ्याचे घर रस्ता रुंदीकरणात निमूट तोडले जाते, हे खटकते. बदल्यात लावलेले रोप फळायला वर्षे जातात. दोन दिवस जगणाऱ्या केंबराला त्याचा काय उपयोग?

राज्यात शहरी भागातल्या वृक्षसंरक्षण कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने शहरांतल्या पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. जंगलातून आणि जंगलालगत जाणाऱ्या रस्त्यांवरच्या जुन्या उंबर, वड, पिंपळांनाही तो मिळावा. वन विभागाने त्यांची झाडनिहाय नोंद करावी आणि तोडीची परवानगी देण्याआधी ती नोंद तपासणे बंधनकारक करावे.

आपला,
एक वाचक