गुच्छी शोधायला येतोस ना?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळालं. यंदा गुच्छी, म्हणजे ती रानात उगवणारी अळिंबी, शोधायला यायचं म्हणतोस, तर जरूर ये. फक्त टोपली भरूनच परतायचं असा हट्ट धरू नकोस. दिवसभर रान तुडवून हाती काही लागत नाही, असंही होतं.

तारीख मात्र विचारू नकोस. माती साधारण १० अंशांपर्यंत तापली आणि वर एखादा उबदार पाऊस झाला, की गुच्छी उगवते. आधी दक्षिणेकडच्या उतारावर, तिथं ऊन लवकर पोचतं म्हणून. मग सावलीच्या आणि उंचावरच्या जागी. आधीच्या वर्षी वणवा लागून गेलेलं रान असेल तर उत्तम. नाहीतर नुकतंच वठलेलं, साल सुटू लागलेलं एल्मचं झाड गाठायचं. जुन्या फळबागांच्या मोहात मी पडत नाही. तिथं एके काळी शिसं आणि आर्सेनिक असलेली औषधं फवारलेली असू शकतात आणि ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात.

शोधताना चालत राहिलास तर काहीच दिसणार नाही. उतारावर खालून वर बघ, मधेच उकिडवा बस. पाचोळ्याच्याच रंगाची, मधाच्या पोळ्यासारखी खड्ड्याखड्ड्यांची टोपी एकदा डोळ्यांत बसली, की शेजारची आपोआप दिसते.

मिळालेली प्रत्येक गुच्छी उभी चिरायची, याबाबत मी कुणाचं ऐकत नाही. खऱ्या गुच्छीत टोपीच्या टोकापासून देठाच्या बुडापर्यंत सलग पोकळी असते, आणि त्यात बहुधा दोन-चार मुंग्या. खोट्या गुच्छीच्या टोपीवर खड्डे नसतात, वेड्यावाकड्या वळ्या असतात. आत कप्पे नाहीतर गर. तिच्यातलं जायरोमिट्रिन हे रसायन जीव घेऊ शकतं आणि शिजवताना त्याचं विष वाफेतूनही अंगात जातं. शंका आली की फेकून द्यायची, हळहळायचं नाही.

खरी गुच्छीसुद्धा कच्ची खायची नाही हं! २०२३ मध्ये अमेरिकेतल्या माँटाना राज्यात एका रेस्टॉरंटमध्ये कच्च्या, अर्धकच्च्या गुच्छी खाऊन ५१ जण आजारी पडले, दोघे दगावले. त्यामुळे नीट शिजवायची आणि पहिल्यांदा थोडीशीच खायची. उरलेल्या दोऱ्यात ओवून वाळव, छान टिकतात.

सुरी आणि वेताची टोपली आण. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांचा लगदा होतो. पाऊस झाला की फोन करेन. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायची तयारी ठेव. आणि जागा कुठली ते तिथं पोचल्यावरच कळेल, आधी खोदून विचारू नकोस!

तुझाच,
रानभुल्या