विधी सेवा समितीनं बाजाराच्या दिवशी बसावं

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं की तालुक्याच्या गावचे वकील घराघरात भांडणं लावतात, भावाला भावासमोर उभं करतात अन् मग वर्षानुवर्षं दोघांकडून फी खातात. असे वकील नाहीत असं मी म्हणत नाही, आमच्याकडंही आहेत, पण सगळ्यांना एकाच माळेत ओवलं ते काही पटलं नाही म्हणून लिहितो, अन् शेवटी विधी सेवा समितीकडं, म्हणजे सरकारी खर्चानं वकील देणाऱ्या समितीकडं, एक मागणीही आहे. माझं तहसीलच्या रस्त्यावर झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, अन् दुकानाला लागून जो जिना वर जातो तिथं एका नवरा-बायकोचं वकिलीचं ऑफिस आहे, दोघंही वकील. त्यांच्यामुळं माझी मशीन चालते हे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी बोट दाखवायला नको. नाव मात्र लिहीत नाही, कारण बार कौन्सिलच्या नियमानं वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही, पाटीसुद्धा बेताच्याच आकाराची लावावी लागते, अन् माझ्या पत्रापायी त्यांच्यावर कोणी तक्रार टाकली तर पंचाईत.

हे ऑफिस मारामारी, दारू, चोरी असलं काही घेत नाही. घरातल्याच भानगडी: वाटणी, वारस, खावटी (म्हणजे पोटगी), फारकत, म्हाताऱ्यांचा सांभाळ. साहेब शेतीचं बघतात, मॅडम बायांचं. फी कापूस विकल्यावर द्या म्हणतात, कोणी तुरीचं अर्धं पोतं आणून टाकतं, ते परत नेत नाही म्हणून ठेवून घेतात. गर्दी दोनदा असते, पेरणीच्या आधी कारण तेव्हा धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) पेटतं, अन् दिवाळीनंतर कारण तेव्हा बहिणी माहेरी येऊन गेलेल्या असतात.

बहिणींचंच आधी सांगतो. बाप गेला की पोरं तलाठ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तलाठीच तोंडात बसलाय) वारस फेरफार टाकतात, सातबाऱ्यावर आई, भाऊ, बहिणी सगळ्यांची नावं चढतात, अन् मग महिन्याभरात बहिणीला लुगडं-चोळी घेऊन बोलावणं जातं की हक्कसोडीवर, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही करून दे. "भावाले नाराज करू नोको माय, माहेर तुटते" हे तर मी दुकानात उभं राहून कितीदा ऐकलं. आता साहेबांनी ठरवलं तर हे काम तासाभराचं आहे, मजकूर टाइप करायचा, सब-रजिस्ट्रारकडं न्यायचं, फी घ्यायची. पण ते काय करतात, भावाला माझ्या दुकानात झेरॉक्सच्या निमित्तानं खाली पाठवतात अन् तेवढ्यात बहिणीला एकटीला विचारतात की बाई तुला खरंच सोडायचं आहे का. सांगतात की २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे, अन् ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्माच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हेही साफ केलं की तो कायदा आला तेव्हा बाप जिवंत होता की नव्हता यानं फरक पडत नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर रजिस्टर वाटणी झाली असेल तर ती उकरून काढता येत नाही. एकदा रजिस्टर हक्कसोड करून दिली की ती फिरवणं फार अवघड हेही सांगतात. एवढं ऐकूनही बऱ्याच बाया सही करतातच, भाऊ गरीब असतो, आई त्याच्याकडंच राहते, त्यांचं त्यांना कळतं. पण काही जणी म्हणतात एक एकर राहू द्या माझ्या नावानं. त्या एका एकरावरून भाऊ वर जिन्यात शिव्या देतो, खाली येऊन मला देतो, अन् पुढच्या हंगामात तोच भाऊ बहिणीला घेऊन येतो की तिचं नाव आहे तर पीककर्जाला तिची पण सही लागते म्हणे. मग यात भांडण लावलं कोणी? सही न विचारता घेतली असती तर ते दहा वर्षांनी कोर्टात निघालं असतं, भाच्यांच्या हातून.

आमच्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतरच्या घरांचे कागद माझ्याकडं खूप येतात, त्याबद्दल जास्त लिहिवत नाही पण टाळूनही चालत नाही. सरकारी मदत एक लाख, त्यातले ३० हजार हातात अन् ७० हजार खात्यात ठेवायचे असा हिशोब कित्येक वर्षं चालत आला. लोकांना तेवढंच माहीत असतं. खरी अडचण पुढं येते, सातबारा सासऱ्याच्या नावानं असतो, नवऱ्याचं नाव कधी चढलेलंच नसतं, अन् पंचविशीतली बाई दोन लेकरं घेऊन घरात बिनकागदाची होऊन बसते. सासूला भीती की ही दुसरं लग्न करंल अन् जमीन इकंल. सुनेला भीती की मला हाकलतील. अशा एका घरात मॅडमनं सुनेची केस घेतली पण नोटीस काढली नाही, आधी सासूलाच ऑफिसात बोलावून खुर्चीवर बसवलं अन् सांगितलं की आजी, तुमच्या पोराच्या हिश्श्यात त्याच्या बायकोचा अन् एकेका लेकराचा जेवढा वाटा तेवढाच तुमचा पण आहे, आईला कायद्यानं सारखा वाटा मिळतो. म्हातारीला हे कोणी सांगितलंच नव्हतं, ती तर समजून होती की सून सगळं घेऊन जाते. अन् सुनेनं उद्या लग्न केलं तरी तिला मिळालेला वाटा जात नाही हेही तिच्याच समोर सांगितलं, लपवून ठेवलं नाही. वर बराच वेळ आवाज चढलेले होते. शेवटी सासऱ्यानं तहसीलदारांकडं वाटपाचा अर्ज द्यायचं कबूल केलं, सुनेच्या अन् लेकरांच्या नावानं वेगळा सातबारा निघाला. कोर्टाची पायरी कोणी चढलं नाही. त्या कामाची फी किती मिळाली असंल ते मला माहीत आहे, कारण झेरॉक्सचे पैसे पण मॅडमनंच दिले.

सगळं गोडीनं होतं असं कोणी समजू नका. खावटीच्या केसमध्ये याच मॅडम लई खमक्या आहेत. नवरा कोर्टात लिहून देतो की मी मजुरी करतो, माझ्या नावावर काहीच नाही. मग बापाच्या नावचा सातबारा, आठ-अ, जिनिंगवर कापूस घातल्याच्या पावत्या, ट्रॅक्टरचं आरसी, सगळं जमा करून लावतात. २०२० पासून दोन्ही बाजूंना आपल्या कमाईचं अन् मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, अन् खावटी अर्ज दिल्या तारखेपासून धरतात, हेही सुप्रीम कोर्टाचंच. बाईकडं लग्नाचा पुरावा म्हणजे लग्नपत्रिका अन् दोन फोटो, त्यातला एक फोटो पाण्यानं फुगलेला. तो स्कॅन करून नीट करून द्यायचं काम माझं. खावटीला कलम १२५ म्हणायची आम्हाला सवय, १ जुलै २०२४ पासून ते १४४ झालं, जुने छापील फॉर्म सगळे रद्दीत गेले.

अन् बॉन्डवरची सोडचिठ्ठी! आधी शंभरच्या, आता पाचशेच्या स्टॅम्पवर चार पंच बसतात, "आजपासून आमचा संबंध नाही" असं लिहून दोघांचे अंगठे घेतात अन् झाली म्हणे फारकत. हिंदू विवाह कायद्यात असल्या कागदाला काही किंमत नाही, जिथं समाजाची तशी रूढी आहे अन् ती कोर्टात शाबीत करता येते तिथं गोष्ट वेगळी. पण पोरगा बिनधास्त दुसरं लग्न करतो, पोरीचं माहेरचेही दुसरं लावून देतात, अन् पुढं त्या दुसऱ्या लग्नातल्या बाईला खावटी मागायची वेळ आली की समोरचा तोच बॉन्ड दाखवतो, हे लग्नच कायदेशीर नव्हतं म्हणून. मी स्वतः असे बॉन्ड टाइप करून देणं बंद केलं, दोन दुकानं सोडून पलीकडं करून मिळतात ते सोडा.

आमच्याकडं कोलाम, गोंड लोकांची वस्ती मोठी. अनुसूचित जमातीला हिंदू विवाह कायदा अन् वारसा कायदा आपोआप लागू होत नाही, त्यांची रूढी बघावी लागते. मोठ्या शहराच्या वकिलानं हे न विचारताच फारकतीचा अर्ज ठोकलेला मी पाहिलाय, दोन वर्षांनी कोर्टानं विचारलं की हा अर्ज चालतो कसा. आमच्या ऑफिसात पहिला प्रश्नच असतो, कोणता पोड (कोलामांची वस्ती), कोणता समाज, तुमच्यात सोडचिठ्ठी कशी होते, पंचायतीला कोण बसतं. २०२५ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टानं एका गोंड बाईच्या वारसांना आजोळच्या जमिनीत बरोबरीचा वाटा दिला, ते साहेबांनी पोडावर जाऊन सांगितलं. काही म्हातारे चिडलेही, तुम्ही आमच्या रीतीत कायले पडता म्हणे, अन् त्यांचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही, पण पोरींनाही कळलं पाहिजे ना.

तंटामुक्त गाव मोहीम आठवत असंल. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. आबांनी सुरू केली, गावोगाव समित्या झाल्या, कमानी लागल्या, बक्षिसं आली. धुऱ्याचे, गोठ्याचे वाद खरंच मिटले, मी नाकारत नाही. पण नवरा-बायकोचा वाद समितीपुढं गेला की बहुतेक वेळा बाईलाच "सांभाळून घे" म्हणून परत पाठवलं, कारण समितीत बसलेले सगळे सासरच्याच गावचे. तिथं कायदा माहीत असलेलं एक माणूस बसलं असतं तर बरं झालं असतं. आता तर कमानींचाही रंग उडाला.

छोट्या गावातल्या वकिलाची दुसरी बाजूही लिहितो नाहीतर मला त्यांचा एजंट म्हणाल. एक म्हणजे गुपित राहत नाही. जिना रस्त्यावर आहे, कोण चढलं ते पानठेल्यावरून दिसतं, म्हणून कितीतरी बाया आधी माझ्याकडं येतात, आधारची झेरॉक्स काढतात अन् रस्त्यावर कोणी ओळखीचं नाही बघून वर जातात. घरी सांगायला झेरॉक्स असते. दुसरं म्हणजे तालुक्यात सगळे सगळ्यांचे सोयरे. एका बाजूनं आधी येऊन सल्ला घेतला तर दुसरीला हे लोक घेत नाहीत, घेऊही नये, पण मग ती दुसरी बाजू जाणार कुठं? यवतमाळ गाठायचं म्हणजे सत्तरेक किलोमीटर अन् दिवसाची मजुरी गेली. पण याच्यातच त्यांच्या सरळपणाचंही कारण आहे असं मला वाटतं. ज्याच्यावर नोटीस काढायची तो साक्षगंधात समोरच्या पंगतीत बसलेला असतो, बाजारात वांगे घेताना भेटतो. वाकडं काम करून इथं दोन वर्षं राहता येत नाही. शहरातला वकील केस हरला तर पक्षकार बदलतो, इथं पक्षकार शेजारी असतो.

आता मुद्द्याचं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणं कोणत्याही बाईला, मग तिची कमाई कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही, अपंगालाही. १५१०० ला फोन लावता येतो. महाराष्ट्रात १९९४ पासून खावटी, फारकत, लग्नाच्या वादातून निघालेली मालमत्ता अन् हिंसा अशा केसमध्ये बाईला कोर्ट फी माफ आहे. हे सगळं कोर्टाच्या आवारात एका फलकावर लिहिलंय अन् तो फलक वाचायला बाईला आधी कोर्टात यावं लागतं! वर्षातून एकदोनदा शिबिर होतं, हार-तुरे होतात, फोटो तुमच्याच पेपरात येतो.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे, तालुका विधी सेवा समितीनं दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी, बाजारापासून जवळ, पंचायत समितीची नाहीतर शाळेची एक खोली घेऊन बसावं. बाजाराला बाई एकटी येते, तिला कोणी विचारत नाही कुठं चालली. या नवरा-बायकोसारखे जे चार-पाच वकील तालुक्यात घरगुती कामं करतात त्यांना पाळीपाळीनं तिथं बसवावं, दोन्ही बाजूंना वेगळे वकील मिळतील असं बघावं, अन् समितीच्या पॅनलवरच्या वकिलांची बिलं वेळेवर काढावी. म्हाताऱ्या आई-बापांचे सांभाळाचे अर्जही तिथंच लिहून द्यावे. २००७ च्या कायद्यानं ते प्रांत साहेबांकडं चालतात, त्या कायद्यात वकिलाला उभं राहायची मुभाच ठेवलेली नाही, तरी अर्ज लिहायला तर माणूस लागतो, सध्या तो मॅडम फुकट लिहितात अन् मी दहा रुपयांत प्रिंट मारतो.

खोलीत एक झेरॉक्स मशीन लागंल, ती मी बाजाराच्या दिवशी आणून ठेवतो, भाडं नको. पत्राखाली माझं नाव छापू नका, जिना लगेच ओळखू येईल.

आपला,
एक झेरॉक्सवाला वाचक
केळापूर तालुका, जि. यवतमाळ