रंगीत भिंतींमागचे गवंडी आणि सुतार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बल्गेरियावरील प्रवासलेखांत प्लोवदिवच्या जुन्या वस्तीचे वर्णन बहुधा निळ्या-तांबड्या भिंतींपाशीच थांबते. एकोणिसाव्या शतकात, ऑटोमन राजवटीतच व्यापारावर सधन झालेल्या कुटुंबांनी बांधून घेतलेली ही घरे तेथील राष्ट्रीय पुनरुत्थानाच्या काळाची ठळक खूण आहेत. ती उभारणाऱ्या कारागिरांच्या कसबाविषयी मात्र क्वचितच लिहिले जाते, म्हणून हे पत्र.

टेकडीवरच्या वेड्यावाकड्या गल्लीत घराला चौकोनी जागा मिळणे कठीण होते. तेव्हा तळमजल्याची दगडी भिंत गल्लीच्या वळणाने न्यायची, आणि वरचा लाकडी सांगाड्याचा हलका मजला तिरक्या टेकूंवर बाहेर काढून त्यातल्या खोल्या काटकोनात बसवायच्या, असा उपाय कारागिरांनी योजला. असे पुढे आलेले मजले इस्तंबूलमध्ये आणि बाल्कन प्रदेशात इतरत्रही दिसतात. ती सामायिक पद्धत होती, हे मान्य केल्याने बल्गेरियन कारागिरांचे श्रेय उणावत नाही, असे मला मनापासून वाटते. प्लोवदिवमध्ये १८४७ साली बांधलेल्या कुयुमजिओग्लू यांच्या घराचा दर्शनी भाग पाहावा. मधोमध उंचावून दोन्हीकडे लयीत उतरणाऱ्या त्याच्या छताच्या रेषेला तिकडे ‘कोबिलित्सा’ म्हणतात, म्हणजे खांद्यावरून पाणी वाहण्याची कावड. रोजच्या कष्टाच्या वस्तूवरून वास्तूच्या सर्वांत देखण्या रेषेला नाव मिळावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हीच रेषा द्र्यानोवोचे निकोला फिचेव्ह (१८००–१८८१) यांच्या कामाची ओळख ठरली. ‘कोल्यू फिचेतो’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या गवंड्याने घरे, चर्च आणि पूलही बांधले. लोव्हेचचा त्याचा छपराचा लाकडी पूल १९२५ मध्ये जळाला आणि नंतर पुन्हा उभारला गेला. त्र्याव्ना गावातील दस्कालोव्ह घरात दोन खोल्यांच्या आतल्या छतांवर लाकडात कोरलेले दोन सूर्य आहेत. उस्ताद आणि त्याचा शागीर्द यांनी पैज लावून ते कोरले, असे तेथे सांगितले जाते.

आपल्या पुरवणीत यापुढे बल्गेरियावर लेख आल्यास छायाचित्रांखाली घरमालकाबरोबर, जेथे ठाऊक असेल तेथे, घर बांधणाऱ्या कारागिराचेही नाव द्यावे, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक